अठ्ठावीस प्रकरणांचा तक्ता

चार्टसाहेबांना बसडेपोत येऊन तीस वर्षे झाली होती आणि या तीस वर्षांत त्यांनी एकदाही बस चालवली नव्हती. ते बस चालवणाऱ्यांचा तक्ता करत. कुठल्या ड्रायव्हरची पाळी सकाळची, कुणाची दुपारची, कुणाची आठवड्याची सुट्टी, हे चौकटीच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने भरायचे आणि शनिवारी दुपारी तीन वाजता फलकावर लावायचे. सोमवारी सकाळी दोनशे चौदा गाड्या त्या कागदाप्रमाणे रस्त्याला लागत. त्या लागताना पाहायला ते कधी गेले नाहीत. कागद बरोबर असला की गाडी बरोबर असणार, अशी त्यांची खात्री होती, आणि ती कधी खोटी ठरली नव्हती. पुढे जे झाले त्याचे मूळ या खात्रीत आहे, म्हणून ती आधीच नोंदवलेली बरी.

कादंबरी ते तीन वर्षे लिहीत होते. डेपोतून बाद झालेली दोन जाड रजिस्टरे, पाने चारशे बारा, अक्षर सुवाच्य. विषय एका चार मजली इमारतीचा आणि तिच्यात राहणाऱ्या माणसांचा. इमारत संपूर्ण काल्पनिक होती. तिला गळकी टाकी होती, गच्चीच्या किल्लीवरून भांडणे होती आणि दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक होते. चार्टसाहेब स्वतः जिच्या पहिल्या मजल्यावर राहत त्या इमारतीतही हे सगळे होते, पण इमारती साधारण सारख्याच असतात.

अडचण अशी झाली की पान एकशे चाळीसवर वारलेला दातांचा डॉक्टर पान दोनशे तीसवर वरच्या बाईंची दाढ काढताना सापडला. चार्टसाहेबांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. बायको सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. रोज चारशे माणसांची तक्रार ऐकून आल्यावर एका डॉक्टरचे तिला काही वाटले नाही.

"परत आला ते बरंच झालं," ती म्हणाली. "हात हलका होता म्हणालात."

मग ते वर सरांकडे गेले. सर म्हणजे खरेखुरे निवृत्त मुख्याध्यापक, दुसरा मजला, वय एकोणऐंशी, पत्नी जाऊन सहा वर्षे झालेली. इमारतीत कुणाला अर्ज लिहायचा असला, शाळाप्रवेशाचे विचारायचे असले, की लोक सरांकडे जात. सर उत्तर देत आणि जाताना अर्जातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून देत.

सरांनी डॉक्टरचे प्रकरण ऐकून घेतले. "टाचण काढलंत का?"

"कसलं टाचण?"

"वर्गावर जाण्याआधी शिक्षक टाचण काढतो. आज काय शिकवणार, कुठवर नेणार. तसं प्रत्येक प्रकरणाचं काढा. चार ओळी पुरेत. आणि दोनदा काढायचं. एकदा लिहिण्याआधी, काय घडणार आहे याचं. एकदा लिहून झाल्यावर, काय घडलंय याचं. मग दोन्ही शेजारी ठेवायची. जुळली नाहीत तर त्यातलं एक खोटं आहे."

"कुठलं?"

"ते ज्याचं त्याला कळतं," सर म्हणाले.

सल्ला सोन्यासारखा होता. चार्टसाहेबांनी त्यातला अर्धाच ऐकला, कारण 'प्रत्येक प्रकरणाचं' हे शब्द कानावर पडताच त्यांच्या डोळ्यांपुढे चौकटीचा कागद उभा राहिला होता. दुसऱ्या खेपेच्या टाचणापर्यंत सर पोचले तेव्हा चार्टसाहेब मनात रकाने आखत होते.

रविवारी दुपारी दिवाणखान्याच्या भिंतीवर सात फूट लांबीचा तक्ता लागला. आडव्या दिशेला अठ्ठावीस प्रकरणे, उभ्या दिशेला अकरा माणसे. प्रत्येक चौकटीत त्या माणसाचे त्या प्रकरणात काय होते ते एका अक्षरात, आणि खाली खुणांची यादी: भां म्हणजे भांडण, प्रे म्हणजे प्रेम, मृ म्हणजे मृत्यू, सु म्हणजे सुट्टी, अर्थात त्या प्रकरणात काम नाही, वगैरे. पात्रांची नावे अजून ठरली नव्हती. त्यामुळे तूर्त ओळखीपुरते 'सेक्रेटरी', 'बँकेतल्या बाई', 'सर (दुसरा मजला)' असे लिहिले होते. नावे नंतर घालायची होती. तूर्त हा शब्द किती धोक्याचा आहे हे सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला तरी माहीत असायला हवे होते.

बायकोने चहाचा कप हातात घेऊन तक्ता डावीकडून उजवीकडे वाचला. चौथ्या ओळीपाशी ती थांबली.

"ही 'पत्नी' म्हणजे मी का?"

"ती नायकाची पत्नी आहे."

"तिला पहिल्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत सु आहे."

"ती पार्श्वभूमीला आहे. सगळीकडे आहे ती, तशी."

"अठ्ठावीस प्रकरणं सलग सुट्टी," बायको म्हणाली. "मला खिडकीवर अठ्ठावीस मिनिटं मिळत नाहीत." आणि कप विसळायला निघून गेली. चार्टसाहेबांना हे कौतुक वाटले.

तक्त्यातल्या एका चौकटीकडे मात्र ते स्वतःही फारसे पाहत नसत. 'सर (दुसरा मजला)' या ओळीत बाराव्या प्रकरणाखाली 'को' असे लिहिले होते. त्याचा खुलासा खालच्या यादीत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वीज गेली असताना चार्टसाहेब आणि सर जिन्यात अडकल्यासारखे बसले होते. अंधारात माणूस बोलतो. सरांनी सांगितले की ते आणि त्यांची पत्नी रोज वर्तमानपत्रातले शब्दकोडे मिळून सोडवत आणि शेवटचा शब्द नेहमी ती घालायची. ती गेल्यावरही सर कोडे सोडवतात, शेवटचा एक शब्द रिकामा ठेवतात आणि पेपर तिच्या खुर्चीवर ठेवून देतात. ते पेपर त्यांनी रद्दीत दिलेले नाहीत. "कुणाला बोलू नका," सर म्हणाले होते. "मुलगासुद्धा परदेशातून फोनवर हसेल." तेवढ्यात वीज आली आणि दोघे उठले.

चार्टसाहेब कुणाला बोलले नाहीत. त्यांनी ते बाराव्या प्रकरणात घातले. नुसते घातले असते तर एक वेळ चालले असते, पण ते प्रकरण विनोदी करायचे होते. त्यात म्हातारा मुख्याध्यापक अर्धवट कोड्यांच्या ढिगावर बसून खुर्चीशी बोलतो आणि इमारतीतले सात जण दाराच्या फटीतून पाहून पोट धरून हसतात. लिहिताना चार्टसाहेबांनाही हसू आले होते. एकोणिसाव्या प्रकरणात सर जिन्यावरून पडून जातात. ते त्यांनी रडत लिहिले होते आणि त्यामुळे फिट्टंफाट झाली असे त्यांना वाटत होते.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी टाकी धुण्याच्या कागदावर सही घ्यायला आले. सोसायटीचे सेक्रेटरी कागद वाचल्याशिवाय राहू शकत नाहीत. भिंतीवरचाही नाही. त्यांनी चष्मा वर केला, खालची यादी पाहिली, मग स्वतःची ओळ शोधली.

"'कि' म्हणजे?"

"किल्ली."

"'किल्ली लपवतो', असं लिहिलंय यादीत. चार वेळा."

"काल्पनिक सेक्रेटरी आहेत ते."

"दुसऱ्या इमारतीचे?"

"हो, दुसऱ्याच."

"तिथेही गच्ची आहे?" एवढे विचारून सेक्रेटरी सही न घेताच गेले. टाकी त्या महिन्यात धुतली गेली नाही.

संध्याकाळपर्यंत तक्ता पाहायला सगळी इमारत येऊन गेली. आलेल्यांना चहा द्यावा लागला आणि विचारतील त्या चौकटीचा खुलासाही. बँकेतल्या बाईंना आपल्या ओळीत सहा भां सापडले. "सहा?" त्या म्हणाल्या. "वर्षभरात माझं एक भांडण झालं, तेही तुमच्याशी." दातांच्या डॉक्टरांनी विचारले की मृ एकदाच आहे ना, दोनदा नाही. जो तो स्वतःची ओळ पाहायचा आणि मग शेजाऱ्याची पाहून थोडा बरा होऊन जायचा.

शुक्रवारी सूचनाफलकावर सभेची सूचना लागली. विषय एक, टाकी. विषय दोन, वाहने लावण्याची शिस्त. विषय तीन, गच्ची. विषय चार, 'चार्टसाहेबांच्या कादंबरीतील सभासदांची स्थिती'.

सभा खाली गाड्यांच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झाली. पहिले तीन विषय सहा मिनिटांत पुढे ढकलण्यात आले. चौथ्याला चार्टसाहेबांना उभे राहावे लागले. तक्ता खाली आणायची सूचना असल्याने तो दोन चिमट्यांनी पाण्याच्या पाइपला टांगला होता.

"माझं वैयक्तिक काही नाही," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "पण ज्या सरांनी आपल्या सगळ्यांचे अर्ज तपासले त्यांना जिन्यावरून पाडायचं? निदान झोपेत तरी जाऊ द्या."

"लेखकाला कुणाला तरी मारावंच लागतं," सर बसल्या जागेवरून म्हणाले. "वयाच्या हिशेबात मीच बसतो. माझी हरकत नाही." मग ते उठले आणि पाइपजवळ येऊन तक्त्याकडे पाहू लागले. "बारामध्ये हे 'को' काय आहे? यादीत नाही ते."

चार्टसाहेबांनी पाइपवरचा एक चिमटा सरळ केला. तीस वर्षांत एकाही चौकटीचा खुलासा देता आला नाही असे झाले नव्हते.

"कोर्ट," ते म्हणाले. "तुम्ही कोर्टात जाता. साक्षीला."

"कुणाच्या बाजूनं?"

"खऱ्याच्या."

"मग राहू दे," सर म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

ठराव एकमताने झाला. कुठल्याही सभासदास त्याच्या लेखी संमतीशिवाय मृत्यू देऊ नये, भांडणे वर्षाला एक या प्रमाणात असावीत, किल्ली सापडावी, आणि सुधारित तक्ता फलकावर लावावा. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक दातांचे डॉक्टर. सरांच्या संमतीची नोंद घेण्यात आली पण ती भावनेच्या भरात दिली असल्याने ग्राह्य धरली नाही.

घरी येऊन चार्टसाहेबांनी दाराला कडी लावली आणि आधी 'को' खोडला. इतका खोडला की कागद त्या जागी पातळ झाला. तिथे सु लिहिले. मग बाकीचे. एकोणिसाव्यातल्या मृच्या जागी 'बहिणीकडे विश्रांतीस' असे बारीक अक्षरात. तीन संध्याकाळी हे काम चालले. चौथ्या दिवशी तक्त्यात एकूण दोनशे एक्क्याण्णव सु होते. डेपोत असा तक्ता लागला असता तर अख्खे शहर पायी चालले असते. पण तो स्वच्छ होता, सरळ होता आणि त्यात कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही असे काही उरले नव्हते.

"पुनर्लेखन झालं," त्यांनी बायकोला सांगितले.

"कुठे?"

"हे काय, तक्त्यावर."

"आणि रजिस्टरात?"

"ते त्याच्या मागोमाग येतं," चार्टसाहेब म्हणाले. ही त्यांनी थाप मारली नव्हती. तक्ता बदलला की सोमवारी गाडी नव्या रस्त्याला लागते, हे त्यांनी तीस वर्षे पाहिले होते, म्हणजे पाहिले नव्हते पण ऐकले होते. मध्ये ड्रायव्हर नावाचा एक माणूस असतो आणि तो पहाटे उठून प्रत्यक्ष चाक फिरवतो, एवढा तपशील त्यांच्या ध्यानातून सुटला. कादंबरीला ड्रायव्हर एकच होता.

प्रकाशकांच्या कार्यालयात हस्तलिखित द्यायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी त्यांना दोनदा परत पाठवले. पहिल्यांदा, आराखडा चौकटीत चालणार नाही, प्रत्येक प्रकरणाच्या तीन ओळी लिहून आणा म्हणून. ते बाहेरच्या बाकावर बसून सुधारित तक्त्यावरून चौऱ्याऐंशी ओळी लिहून आले. दुसऱ्यांदा, अर्जातला रकाना अकरा रिकामा म्हणून. 'हस्तलिखित संपूर्ण वाचलेल्या एका जबाबदार व्यक्तीचे नाव व पत्ता.'

"एवढ्यासाठी आता कुठे..." ते म्हणाले.

"पाचला खिडकी बंद होते," बाई म्हणाल्या. घड्याळात पाचला दहा मिनिटे होती.

त्यांनी सरांचे नाव लिहिले.

"त्यांनी पूर्ण वाचलंय ना?"

"त्यांच्याच सल्ल्यानं झालंय सगळं," चार्टसाहेब म्हणाले. बाईंनी शिक्का मारला.

पाच आठवडे बरे गेले. सुधारित तक्ता फलकावर होता, लोक येता-जाता आपल्या सुट्ट्या पाहून समाधानाने पुढे जात, बँकेतल्या बाई त्यांना जिन्यात नमस्कार करत. मग एक दिवस डेपोतून घरी आल्यावर बायकोने एक पाकीट पुढे केले. आत एकच कागद. वर 'प्रत माहितीसाठी' असे लिहिलेले. पत्र सरांच्या नावाने होते.

'महोदय, सोबतची कादंबरी आपण संपूर्ण वाचल्याचे अर्जात नमूद आहे. आमच्याकडे आराखडा व हस्तलिखित ताडून पाहिले असता दोन्ही जुळत नाहीत. आराखड्यानुसार प्रकरण १९ मध्ये निवृत्त मुख्याध्यापक बहिणीकडे विश्रांतीस जातात. हस्तलिखितात ते जिन्यावरून पडून मृत्यू पावतात. आराखड्यानुसार प्रकरण १२ मध्ये त्यांना काही काम नाही; हस्तलिखितात त्यांच्यावर सोळा पाने आहेत. हस्तलिखित सोबत पाठवत आहोत. तरी यापैकी खरे कोणते ते कळवावे.'

चार्टसाहेबांनी पत्र दोनदा वाचले आणि मग खुर्ची कुठे आहे ते हाताने चाचपून बसले.

"पार्सल सकाळीच वर आलंय," बायको म्हणाली. "मी जिन्यात होते. सरांनी सही केली. मला वाटलं औषधं असतील." तिने पत्र हातात घेतले. "बाराव्यात काय आहे?"

त्यांनी सांगितले. जिना, वीज, कोडे, खुर्ची. दाराच्या फटीतले सात जण त्यांनी शेवटी, खिडकीकडे पाहत सांगितले.

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"विश्वासानं सांगितलेलं होतं त्यांनी."

"म्हणून मला सांगितलं नाहीत," बायको म्हणाली, "आणि छापायला दिलंत."

चार्टसाहेब उठले. ते वर गेले. दार उघडेच होते. सर टेबलापाशी बसले होते, पुढ्यात रजिस्टर, हातात लाल पेन.

"काय हवंय?"

"शिडी," चार्टसाहेब म्हणाले. दुसरे काही सुचले नाही.

"शिडी तुमच्याकडेच आहे. गेल्या महिन्यात नेलीत."

दुसऱ्या दिवशी ते शिडी परत द्यायला गेले. सरांनी तिला ठेवायची जागा बोटाने दाखवली आणि पान उलटले. चार्टसाहेबांनी शिडी ठेवता ठेवता रजिस्टराची जाडी पाहिली. वाचलेल्या बाजूला साधारण दीडशे पाने होती. आपलेच अक्षर, आपलीच पाने. त्यांना हिशेब लगेच झाला. सर दहाव्यात होते. आजच्यापुरते ते इथेच थांबले, तर आपल्या हाती एक दिवस आहे. हे सगळे चालू असताना रजिस्टर उचलून पळून जावे असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. त्रेपन्नाव्या वर्षी, शिडी हातात असताना, एका एकोणऐंशी वर्षांच्या माणसासमोर.

रात्रभर त्यांनी मनात वाक्य जुळवले. 'सर, बारावं वाचण्याआधी मला एक सांगायचंय.' तिसऱ्या दिवशी डेपोतून अर्धी रजा टाकून ते दुपारीच आले, बूट न काढता वर गेले. दार आज लोटलेले होते. त्यांनी टकटक केली. सरांनी दार वीतभर उघडले.

"सर, मला एक..."

"आज बसू नका," सर म्हणाले. "बारावं चालू आहे." आणि दार हळूच लावले. आपटले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतरचे सहा दिवस चार्टसाहेब जिन्यात बूट हातात घेऊन चढले-उतरले. वरचे दार वाजले की ते सूचनाफलकाकडे तोंड करून उभे राहत, आणि फलकावर त्यांचाच तक्ता असे. दोनशे एक्क्याण्णव सुट्ट्या. लोकांना वाटे, साहेब आपले काम न्याहाळत आहेत. डेपोत त्यांनी एका ड्रायव्हरला एकाच सकाळी दोन गाड्यांवर लावले. तो मनुष्य तक्ता घेऊन टेबलाशी आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "साहेब, मी एकच आहे." तीस वर्षांत हे पहिल्यांदा घडले. चार्टसाहेबांनी त्याची माफी मागितली, जरुरीपेक्षा बरीच जास्त. तो ड्रायव्हर घाबरून दोन्ही गाड्या चालवायला तयार झाला.

 दवाखान्यात लोकांना विचारते तसे बायकोने एकदा विचारले, "किती दिवसांपासून आहे?"

"काय?"

"हे. तोंड लपवणं."

नवव्या दिवशी संध्याकाळी सर स्वतः खाली आले. दोन्ही रजिस्टरे आणि काही फुलस्केप कागद त्यांनी टेबलावर ठेवले. "टाचण दोनदा काढायचं म्हणालो होतो," ते म्हणाले. "दुसरं तुम्ही काढलं नव्हतंत. मी काढलंय." बायकोने चहा घेणार का विचारले. नको म्हणाले आणि गेले.

कागदांवर अठ्ठावीस प्रकरणे होती. प्रत्येकात प्रत्यक्ष काय घडते ते दोन-तीन ओळींत, आणि पुढे शेरा. अक्षर शाळेच्या फळ्यावरचे. चार्टसाहेबांना वाचवेना, म्हणून बायकोने मोठ्याने वाचायला घेतले.

'प्रकरण १ ते ५: इमारतीचे वर्णन. काही घडत नाही. दोन प्रकरणांत आवरावे.'

'प्रकरण ९: डॉक्टर वारतात. प्रकरण १५: डॉक्टर येतात. एकदाच काय ते ठरवावे.'

'सर्व प्रकरणे: पत्नी बोलत नाही. प्रत्यक्षात बोलते. वरच्या मजल्यावर ऐकू येते.'

इथे बायको थांबली आणि हे वाक्य तिने आणखी एकदा वाचले.

'प्रकरण १९: मृत्यू पटतो. ठेवावा. पायऱ्या चौदा लिहिल्या आहेत, सोळा आहेत. मोजून घ्याव्यात.'

"बारावं?" चार्टसाहेबांनी विचारले.

बायकोने मागचा कागद काढला. "'प्रकरण १२: रिकामा ठेवलेला शब्द उभा लिहिला आहे. तो नेहमी आडवा असतो. दुरुस्ती करावी.' एवढंच आहे."

शेवटी शंभरपैकी एक्केचाळीस गुण होते. आणि त्याखाली प्रकाशकांना पाठवलेल्या उत्तराची प्रत.

'महोदय, हस्तलिखित मी वाचल्याचे अर्जात लिहिले ते खरे नव्हते. आता वाचले आहे. आपण विचारल्याप्रमाणे, दोहोंपैकी हस्तलिखित खरे. आराखडा लाजेने केलेला आहे. लेखकाकडून काम अपुरे असल्याने सध्या स्वीकारू नये. प्रत माहितीसाठी.'

बायकोने कागद नीट जुळवून ठेवले. "जा," ती म्हणाली. "आणि शिडी मागू नका."

सर खुर्चीत बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती आणि तिच्या मागे भिंतीला लागून पेपरांच्या चळती होत्या, कमरेइतक्या, कडा जुळवलेल्या. चार्टसाहेब इतकी वर्षे या खोलीत येत होते. त्यांना ती रद्दी वाटली होती. कादंबरीत त्यांनी त्यांना 'ढीग' म्हटले होते.

"सर, बारावं काढून टाकतो."

"काढू नका. मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं. त्यानं लिहिलं. आता निदान झालं तसं लिहू दे." सरांनी चष्मा काढून पुसला. "त्यात हसणारी सात माणसं आहेत."

"हो."

"जिन्यात आपण दोघंच होतो."

"हो, सर."

"मग ती सात कुठून आली?"

चार्टसाहेबांनी खाली पाहिले. फरशीच्या चौकटी सरळ होत्या. अकरा आडव्या, नऊ उभ्या. त्यांनी त्या पुन्हा मोजल्या. सरांनी उत्तराची वाट पाहिली, वर्गात पाहत असतील तितकीच, मग चष्मा घातला.

"पुढच्या शुक्रवारी दाखवा," ते म्हणाले. "तक्ता नको. रजिस्टर आणा."

त्यांनी मांडीवरचा त्या दिवसाचा पेपर उचलला, घडी घातली आणि समोरच्या खुर्चीवर ठेवला. कोडे वरच्या बाजूला होते. सगळे भरलेले, खालून दुसऱ्या ओळीत चार घरे रिकामी, आडवी. शब्दाची सूचना चार्टसाहेबांना उभ्या जागेवरून वाचता आली आणि उत्तर लगेच आले. अगदी सोपे होते. सरांना ते येत नसणे शक्यच नव्हते.

 "येतो, सर," एवढेच म्हणून चार्टसाहेब बाहेर पडले आणि जिना उतरताना पायऱ्या मोजल्या. सोळा होत्या. घरी येऊन त्यांनी तक्ता लागला होता त्या भिंतीकडे पाठ करून रजिस्टर उघडले आणि एकोणिसाव्या प्रकरणात आधी तेवढे दुरुस्त केले.